भाकर सोडली, पोट अडलं

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिका समितीच्या आग्रहावरून)



आजचा विषय अवघड आहे. समजायला नाही, चारचौघांत बोलायला. आधी अकोल्यात आणि मग इथं अमरावतीत मिळून तीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. बीपीची गोळी लोक मोठ्यानं मागतात. पोटाचं औषध हवं असलं की बाजूचा माणूस जायची वाट पाहतात आणि हळूच म्हणतात, "भाऊ, पोट साफच होऊन नाही राहिलं." अलीकडे त्याला एक शेपूट जोडलं गेलंय, "डाएट सुरू केलं तेव्हापासून."

नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेली पद्धत तुम्हाला माहीतच आहे. दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, ४५ मिनिटं चाला. त्यानंतर कीटो आलं. आपल्या लोकांनी दोन्हींची खिचडी केली. दोन जेवणं इकडची घेतली, भाकर-पोळी-भात बंद हे तिकडचं घेतलं, आणि ताटात उरलं पनीर, अंडी, चिकन. चालणं मात्र बहुतेकांनी सोडून दिलं! वजन उतरतं, साखर उतरते, हे खरं आहे. डाएटला नावं ठेवायला मी उभा नाही.

पण हिशेब करून पाहा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात, म्हणजे आपल्या दोनेक भाकरींत, साधारण १० ग्रॅम तंतू, म्हणजे चोथा असतो. दिवसाला लागतो सुमारे ३० ग्रॅम. पनीरमध्ये शून्य, अंड्यात शून्य, चिकनमध्ये शून्य, तुपातही शून्य. वऱ्हाडातल्या माणसानं भाकर सोडली की नुसती साखर सुटत नाही, पोटाचा झाडूही सुटतो.

दुसरं कारण पाण्याचं आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. शरीरात साखरेचा जो साठा असतो, त्यातला एक ग्रॅम आपल्यासोबत जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भाकर-भात बंद केले की साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून पेढे वाटतात ना, त्यात बरंचसं हे पाणीच असतं. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंड मीठही जास्त बाहेर टाकतं. शरीराला पाणी कमी पडलं की मोठं आतडं मळातलं पाणी ओढून घेतं. मग मळाचा खडा होतो. त्यात आपला उन्हाळा, पारा ४५ च्या घरात.

एक गैरसमज आधी काढतो. रोज जायलाच पाहिजे असं नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं नैसर्गिकच आहे. चोथा कमी खाल्ला तर मळ कमी होणार. कडक होतो का, जोर करावा लागतो का, झाल्यावरही अडकल्यासारखं वाटतं का, हे बघायचं.

उपाय दुकानात यायच्या आधी बाजारात आहे. अंबाडी, चवळाई, मेथी, बरबटीच्या शेंगा, गवार, शेवगा, वांगी, पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात हरभऱ्याचा घोळाणा. यात साखर जेमतेम आणि चोथा भरपूर. दोन्ही जेवणांत निम्मं ताट भाजीचं असू द्या. काकडीच्या चार चकत्यांना भाजी म्हणत नाहीत! जवसात तर शंभर ग्रॅमला पंचवीसच्या वर तंतू असतात. आपल्या आज्या जवसाची चटणी पाट्यावर वाटायच्या, आता तेच 'फ्लॅक्स सीड' म्हणून चकचकीत पाकिटात महाग मिळतं. भाजून कुटलेलं जवस रोज एक-दोन चमचे पुरे. न कुटता गिळलं तर जसंच्या तसं बाहेर येतं. वरुड-मोर्शीचं संत्रं फोडीसकट खा, रस काढू नका. पातळ ताक मीठ घालून घ्या. ज्यांना बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी मिठाचं आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

हे सगळं एकाच दिवशी सुरू केलं तर पोट ढोलासारखं फुगेल. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा.

इसबगोल चांगलंच आहे, पण एक चमचा भुशीमागे मोठा ग्लासभर पाणी लागतं आणि ते लगेच प्यायचं. घोटभर पाण्यासोबत घेतलं तर तेच अडकतं. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. चूर्णाचा डबा मात्र उलटा करून वाचा. बहुतेकांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाबूक मारते. दोन-चार दिवस ठीक आहे. महिनोन्महिने चमचा वाढवत नेणारी मंडळी मी रोज पाहतो. जास्तच अडचण असेल तर आतड्यात पाणी ओढून आणणारी लॅक्टुलोजसारखी औषधं आहेत, तीही विचारूनच. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनीही पोट अडतं, तेव्हा सगळा दोष डाएटला देऊ नका.

आणखी एक. पंचवीस वर्षांपूर्वी आपण फ्लॅट घेतले तेव्हा निम्म्या घरांत देशी संडास होता. गुडघे दुखायला लागले तसे कमोड आले. उकिडवं बसल्यानं जी वाट सरळ होते ती कमोडवर वाकडी राहते. पायांखाली वीतभर उंचीचा पाट घ्या आणि थोडं पुढे वाका. सकाळच्या चहानंतर आतडं आपोआप हलतं, तेव्हा मोबाइल बाहेर ठेवून दहा मिनिटं द्या.

आता जरा गंभीर. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भाकर परस्पर बंद करायची नाही, साखर एकदम खाली जाते. माझ्या एका गिऱ्हाइकाला पहाटे दरदरून घाम फुटून उचलून न्यावं लागलं होतं. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या.

दुसरे एक गृहस्थ चार महिने चूर्ण नेत होते. वय साठीच्या पुढे, "डाएटचं आहे भाऊ" म्हणायचे. एकदा बोलता बोलता रक्त पडतं म्हणाले, मूळव्याध समजून बसले होते. त्या दिवशी मी चूर्ण दिलं नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली. डाएटचा तिच्याशी काही संबंध नव्हता. ऑपरेशन झालं, आज ते फिरायला जातात. तेव्हा रक्त, पोट फुगून उलट्या होणं, वारासुद्धा न सरकणं, मळ काळा होणं, पन्नाशीनंतर सवय अचानक बदलणं, यातलं काहीही दिसलं तर माझ्या दुकानात येऊ नका, सरळ डॉक्टर गाठा.

ज्यांना सभेत विचारायला संकोच वाटतो त्यांनी दुपारी दोन ते चार दुकानात यावं, तेव्हा गर्दी नसते.