नाट्यरात्रीचा आहेर

लुगडें आहेर म्हणून देणें सोपें. अवघी एक रात्र देणें कठीण. गेल्या वर्षीं आमच्या विवाहास ४० वर्षें झालीं. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरांत ‘संगीत सौभद्र’ लागलें होतें. मीं गुपचूप दोन तिकिटें काढलीं. १८८२ सालीं प्रथम रंगभूमीवर आलेलें किर्लोस्करांचें हें नाटक सौभाग्यवतीनें माहेरीं असतांना वडिलांसमवेत पाहिलें होतें. बेत असा, कीं आधीं नाटक, मग बाहेर भोजन.

येथेंच मास्तरांचें गणित चुकलें. प्रयोग रात्रीं साडेनऊचा. त्यांत ‘वन्स मोअर’. पडदा पडला तेव्हां एक वाजून गेला होता, आणि भोजनगृहांच्या दारांना कुलुपें! घरीं येऊन तिनें पदर खोंचला. “पिठलें चालेल ना?” एवढेंच विचारलें. आहेर माझा, आणि चुलीपाशीं ती! मला घास गिळवेना.

यंदा तिथि, नाटक, जागा सारें तिलाच विचारलें. (गुपित ठेवण्याची हौस बहुधा आपलीच असते.) गुडघे दुखतात म्हणून कडेच्या खुर्च्या घेतल्या, सातालाच बाहेर जेवलों, तेंही बेतानें. नाटक पुन्हां तेंच. परततांना रिक्षांत ती नारदाचें पद गुणगुणत होती. मीं बोललों नाहीं.