फोनमधलं दुकान
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सरांनी प्रश्न विचारला की दप्तरात डोकं घालणारी मी आज माइकसमोर उभी आहे. मघाशी चहाच्या वेळी तिघीचौघींनी ‘ऑनलाइन दुकान कसं केलंस, खर्च किती आला?’ असं विचारलं आणि संयोजकांनी ते ऐकलं. खर्चाचं उत्तर सोपं आहे. दुकान मांडायला एक रुपया लागला नाही. चुका मात्र झाल्या, त्या सांगते.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. त्या दिवशी श्रीवर्धनात जे होते त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या वाडीतल्या पोफळी सकाळी उभ्या होत्या, संध्याकाळी आडव्या. घर रोठा सुपारीवर चालायचं, आणि नवं रोप लावलं तरी सुपारी धरायला पाच-सहा वर्षं हवीत. तोवर काय? सासूबाईंनी कोठीतल्या आमसुलांच्या बरण्या दाखवल्या. घराचा तेवढाच कोपरा कोरडा राहिला होता. पण टाळेबंदीत पर्यटक कुठले!

वीज आणि रेंज आल्यावर मी फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. त्यात मालाची यादी फोटो आणि किमतीसह मांडता येते, फुकट. दुकान देखणं दिसावं म्हणून मी इंटरनेटवरून लालचुटूक, पाणी शिंपडलेल्या रातांब्यांचा फोटो उचलला. शिवाय नारळ, लाटा, फुलांची वेल, तीन प्रकारची अक्षरं. पुण्याच्या एका ताईंनी किलोभर मागवलं आणि पार्सल उघडून लिहिलं, ‘फोटोत लाल, आलं ते काळं. जुना माल दिलात का?’ माल त्याच मे महिन्यातला होता. आमसूल सुकल्यावर काळपटच दिसतं, हे त्यांना कुणी सांगायचं? मीच ना! पैसे परत केले. सासूबाई म्हणाल्या, ‘आपलं आमसूल दाखवायची लाज वाटली का गं तुला?’ ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पडवीत बसले. ऊन थेट येत नव्हतं, उजेड भरपूर होता. पांढऱ्या पंचावर आमची काळी आमसुलं पसरली, आकार कळावा म्हणून बाजूला सासूबाईंचा हात. फ्लॅश नाही, फिल्टर नाही. आपल्या चित्रकलेच्या बाई कागदावर मोकळी जागा सोडायला सांगायच्या आणि मी तिथे हमखास फूल काढायचे. बाई, तुमचं म्हणणं मला तेव्हा कळलं! कॅनव्हाच्या मोफत भागात सगळी नक्षी पुसली. दोनच रंग ठेवले, आमसुलाचा आणि चुन्याच्या भिंतीचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं केलेलं ‘मुक्ता’ हे देवनागरी अक्षर मोफत मिळतं, फोनच्या लहान पडद्यावरही सुवाच्य दिसतं. तेच सगळीकडे. प्रत्येक फोटोखाली वजन, किंमत, टपालखर्च, मीठ आहे की नाही आणि ‘रंग काळपट असतो’ हे वाक्य. ‘किंमत फोनवर विचारा’ असं लिहिणारी दुकानं मला स्वतःलाच आवडत नाहीत, गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं. मागणीसाठी गुगलचा फॉर्म, पैशांसाठी यूपीआयचा क्यूआर कोड. झालं दुकान.

फुकट म्हणजे सगळं फुकट नव्हे हो. बाटल्या, खोकी, टपाल यांना पैसे लागतातच. पहिल्या पावसात आगळाच्या चार बाटल्या वाटेत गळल्या, तेव्हापासून झाकणावर टेप आणि वर दुसरी पिशवी. शिवाय फुकटचं ॲप उद्या नियम बदलेल, म्हणून गिऱ्हाइकांची नावं मी वहीतही लिहिते. शाळेसारखी, समास सोडून!

त्या पुण्याच्या ताईंना मी नवा फोटो पाठवला होता. उत्तर आलं नाही. आठ महिन्यांनी फॉर्ममध्ये त्यांचं नाव दिसलं, दोन किलो. आता दरवर्षी घेतात.

यादीत सहा जिन्नस आहेत. सहावा रोठा सुपारी, त्यापुढे पहिल्या दिवसापासून ‘सध्या उपलब्ध नाही’ असं लिहिलेलं आहे. तो काढून टाक असं मुलगा म्हणतो, मी काढत नाही. वादळानंतर लावलेल्या रोपांपैकी दोन-चार पोफळींना यंदा फुलोरा आलाय. मी फोन घेऊन वाडीत गेले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘फळ धरू दे आधी, मग काढ फोटो.’