वाड्याचे भाडे आणि स्वयंनिर्धारण कर

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना, अशी या शहराची पूर्वापार ओळख आहे. जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या मंदिराच्या आसपास किंवा गांधी चमनकडे येणाऱ्या रस्त्यांनी फिरले की वाड्यांची एक ठरावीक घडण नजरेस पडते. रस्त्याच्या अंगाला दुकानांचे गाळे, मधून आत जाणारी देवडी, तिच्यापलीकडे चौक आणि चौकाभोवती कुटुंबाचे राहते घर. कित्येक घरांवरचे माळवद जाऊन तेथे स्लॅब पडला, पण गाळ्यांचे भाडे घरातील वडीलधाऱ्याने गोळा करावे आणि वर्षाचा खर्च त्यातून भागवावा, ही रीत मात्र कायम राहिली. या भाड्यावरील आयकर कोणी भरावयाचा, किती भरावयाचा आणि मागणीची नोटीस येण्याची वाट न पाहता स्वतःहून कसा भरावयाचा, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

या सभेला उपस्थित असलेल्यांपैकी बहुसंख्य मंडळी शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य आहेत. पगारदार माणसाचा कर कार्यालयात कापला जातो आणि मार्च महिन्यात कोषागाराकडे देयक गेले की कराचा विषय संपला, अशी त्याची समजूत असते. पगारापुरती ती ठीक आहे. परंतु वाड्याच्या गाळ्यांचे भाडे किती येते, हे वेतन काढणाऱ्या लिपिकाला किंवा निवृत्तिवेतन देणाऱ्या बँकेला ठाऊक नसते. ज्या उत्पन्नाची माहिती केवळ मालकाला आहे, त्याचा हिशेब मालकानेच करावा आणि कर भरून मगच विवरणपत्र सादर करावे, या तत्त्वावर स्वयंनिर्धारणाची पद्धत उभी आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात यासाठी कलम १४० अ हे १९६४ साली घालण्यात आले. जालन्यासह मराठवाडा त्यापूर्वी हैदराबाद संस्थानात होता आणि भारताचा आयकर कायदा येथे १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. त्यामुळे आजोबांच्या काळात असला कर कोणी मागितला नव्हता असे घरोघरी सांगितले जाते, त्यात थोडेफार तथ्य आहे. तथापि त्याचा आधार आज कोणालाही घेता येणार नाही.

एक उदाहरण घेऊ. जुन्या जालन्यातील एका वाड्याच्या दर्शनी भागात चार गाळे आहेत. प्रत्येकाचे भाडे दरमहा १२,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ५,७६,००० रुपये. वाडा वडिलांनी स्वकष्टाने घेतलेला. वडील मृत्युपत्र न करता वारले, आईही हयात नाही. मागे तीन अपत्ये आहेत. थोरला मुलगा महाविद्यालयाचा निवृत्त प्राचार्य असून वाड्यातच राहतो. धाकटा पुण्यात नोकरीला आहे. बहीण अंबड तालुक्यात दिलेली, सासरी शेती. भाडे थोरला घेतो, पावत्या त्याच्याच नावाच्या आहेत, आणि विवरणपत्रातही सगळे भाडे तो स्वतःचे म्हणूनच दाखवितो.

प्रथम हिशेब पाहू. दुकानाचे असो वा घराचे, इमारतीचे भाडे 'घरापासूनचे उत्पन्न' या सदरात येते. मिळालेल्या भाड्यातून मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते. ती गाळ्यांपुरती ३६,००० रुपये धरली तर ५,४०,००० रुपये राहतात. यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. म्हणजे १,६२,००० रुपये जाऊन करपात्र उत्पन्न ३,७८,००० रुपये होते. या ३० टक्क्यांसाठी पावती लागत नाही. पावसाळ्यापूर्वी छताची गळती काढण्यास दोन हजार लागले काय किंवा पडकी भिंत उभी करण्यास दोन लाख लागले काय, वजावट तेवढीच राहते. दुरुस्ती, विमा, भाडे वसूल करण्याचा खर्च हे सर्व तीत समाविष्ट आहे. वेगळी वजावट मिळते ती इमारतीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाची. घरपट्टीबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. केवळ आकारणी झाली म्हणून ती वजा होत नाही आणि भाडेकरूने परस्पर भरलेली घरपट्टीही मालकाला वजा मागता येत नाही. मागील वर्षांची थकबाकी यंदा भरली तर ती यंदाच वजा होते. जालन्याची नगरपरिषद २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. पावती कोणत्याही स्थानिक संस्थेची असली तरी नियम हाच, आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीतील गाळ्यांनाही तोच लागू पडतो.

आता प्राचार्यांची बाब. त्यांचे निवृत्तिवेतन वर्षाला १०,२०,००० रुपये आहे. नव्या करप्रणालीतील ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाता ९,४५,००० रुपये उरतात. बँकेने यावर कर कापला नाही व तेही बरोबर आहे, कारण २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या एकूण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. परंतु त्यांनी वाड्याचे सर्व ३,७८,००० रुपये आपले म्हणून मिळविले की बेरीज १३,२३,००० रुपये होते. सवलतीची मर्यादा ओलांडली जाते आणि पहिल्या ४ लाखांनंतरच्या सर्व टप्प्यांवर कर लागतो. दर टप्प्याटप्प्याने लावले असता ७८,४५० रुपये व त्यावर ४ टक्के उपकर धरून ८१,५८८ रुपये कर येतो.

हा आकडा पाहून प्राचार्य कपाळाला हात लावतील. तथापि येथे दर विचारण्याआधी भाडे कोणाचे, हा प्रश्न विचारावयास हवा. भाडे कोणाच्या हाती पडले यावर या सदरातील कर ठरत नाही. इमारत कोणाच्या मालकीची आहे यावर तो ठरतो. मालक अनेक असून त्यांचे हिस्से निश्चित असतील तर ज्याच्या त्याच्या हिश्श्याचे उत्पन्न ज्याच्या त्याच्या नावे धरावे, असे कायद्याचे कलम २६ सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलांच्या या स्वकष्टार्जित वाड्यात तिन्ही अपत्यांचा समान तिसरा हिस्सा आहे. प्रत्येकाच्या वाट्याला १,२६,००० रुपये येतात. प्राचार्यांचे एकूण उत्पन्न १०,७१,००० रुपये होते आणि कर शून्य. बहिणीला शेतीखेरीज दुसरे उत्पन्न नाही, तिलाही कर नाही. पुण्याच्या भावाचे पगाराचे करपात्र उत्पन्न १८ लाख रुपये धरले तर त्याच्या हिश्श्यावर २० टक्के दराने २५,२०० व उपकर मिळून २६,२०८ रुपये कर लागतो. आपण एक रुपयाही घेत नाही, सगळे दादाला सोडले आहे, हे त्याचे म्हणणे बंधुप्रेमाचे खरे. पण मालकी सोडलेली नसल्यामुळे कर त्यालाच द्यावा लागेल.

येथपर्यंत ऐकून पुष्कळांना ही सोय पसंत पडेल. मग अडचण येते ती बहिणीच्या हिश्श्याशी. जुन्या जालन्यातील वाडेच कशाला, जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या घरांविषयी बोलताना दोन भाऊ म्हणजे दोन हिस्से असा हिशेब तोंडी होऊन जातो. बहिणीची आठवण होते ती हक्कसोडपत्रावर सही हवी असते तेव्हा. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले नसेल, तर वाड्याचा तिसरा हिस्सा तिचा आहे आणि त्या हिश्श्याचे भाडेही तिचेच आहे. कर वाचविण्यासाठी विवरणपत्रात तिचा हिस्सा दाखवावयाचा आणि भाऊबीजेच्या ओवाळणीपलीकडे तिला काही द्यावयाचे नाही, हे कोणत्याही दृष्टीने शोभणारे नाही. चौकशी झाली तर अधिकारी प्रथम मालमत्ता पत्रकावरील नावे पाहील, नंतर बँकेचे खाते पाहील. तेव्हा वारसांची नोंद मालमत्ता पत्रकावर तिघांच्याही नावे करून घ्यावी. गावठाणातील घर असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद करावी. भाडेकरारात तिघांची नावे असावीत आणि बहिणीचे पैसे दरमहा तिच्याच खात्यात जमा व्हावेत. पंचायतीच्या सदस्यांना यात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. वारस नोंदीचे अर्ज त्यांच्याच डोळ्यांदेखत येतात व पडून राहतात. वाडा वडिलोपार्जित असून हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावाने कर भरला जात असेल, तर मात्र हे गणित असे लागू होत नाही. ते कुटुंब स्वतंत्र करदाता असते, आणि तेथे सल्लागाराकडे जाणेच श्रेयस्कर.

भाडेकराराबाबत थोडेसे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा भाडेनियंत्रण कायदा होता. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ ने घेतली. या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. भाड्याची पावती देणेही त्याला बंधनकारक आहे. गाळ्याची परत करावयाची अनामत रक्कम उत्पन्नात धरली जात नाही. नुसत्या मोकळ्या जागेचे भाडे मात्र घराच्या सदरात येत नाही व त्यावर ३० टक्के वजावटही नाही.

प्रत्यक्ष भरणा फारसा अवघड नाही. प्राचार्यांचे वय ६० च्या वर आहे व त्यांना धंद्याचे उत्पन्न नाही, म्हणून अग्रिम कराचे हप्ते त्यांना लागू नाहीत. कर निघालाच तर तो विवरणपत्रापूर्वी एकरकमी भरता येतो. पुण्याच्या भावाला ही मुभा नाही. कापलेला कर वजा जाता देणे १०,००० रुपये किंवा अधिक असेल तर जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत हप्ते भरावे लागतात, अन्यथा व्याज चढते. त्याने भाड्याच्या उत्पन्नाची माहिती आपल्या कार्यालयास दिली तर ते पगारातूनच जादा कर कापू शकते, आणि हा मार्ग सर्वांत कमी त्रासाचा आहे.

आयकर विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-पे टॅक्स' या ठिकाणी पॅन क्रमांक देऊन चलन तयार करावे. व्यक्तीसाठी मुख्य शीर्ष ००२१ आणि स्वयंनिर्धारण करासाठी उपशीर्ष ३०० आहे. १०० हे शीर्ष अग्रिम कराचे होय. चूक हमखास होते ती वर्षाची. २०२५-२६ मधील भाड्यासाठी करनिर्धारण वर्ष २०२६-२७ निवडावे लागते, आणि घाईत अनेकजण २०२५-२६ च निवडतात. मग पैसे शासनाकडे जमा असूनही करदात्याच्या नावे थकबाकी दिसते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी असलेल्या २०२५ च्या आयकर कायद्यात या दोन वर्षांऐवजी 'कर वर्ष' हा एकच शब्द ठेवला आहे. हा घोळ त्यामुळे मिटावा. ३० टक्क्यांची वजावट त्या कायद्यातही कायम आहे. रक्कम ऑनलाइन भरता येते किंवा चलन छापून अधिकृत बँकेच्या खिडकीवरही देता येते. चलनावरील बँक शाखेचा सात अंकी बीएसआर संकेतांक, तारीख व चलनाचा अनुक्रमांक विवरणपत्रात लिहावा लागतो. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी केली नाही तर ते वैध धरले जात नाही.

२०२५-२६ च्या उत्पन्नासाठी प्राचार्यांसारख्या करदात्याची मुदत ३१ जुलै २०२६ ही आहे. उशीर झाल्यास बाकी करावर दरमहा १ टक्का व्याज आणि उत्पन्नाप्रमाणे १,००० किंवा ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते. पुण्याच्या भावाने मागील वर्षांचा हिस्सा दाखविलेलाच नसेल तर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. पहिल्या १२ महिन्यांत कर व व्याजाच्या २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के जादा रक्कम द्यावी लागते. थोरल्याने आजवर बहीण-भावाच्या हिश्श्यावर भरलेला कर या मार्गाने परत मिळत नाही, कारण परतावा मागण्यासाठी किंवा कर कमी करण्यासाठी अद्ययावत विवरणपत्र वापरता येत नाही. म्हणून मालमत्ता पत्रकाचा उतारा आधी काढावा आणि चलन त्यानंतर भरावे.