विजांच्या नोंदीवरून वादळाची आगाऊ सूचना



एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग दाटून येतात, वारा सुटतो आणि वळवाचा पाऊस कोसळतो. या दिवसांत मराठवाडा व विदर्भात वीज पडून माणसे व जनावरे दगावतात. त्यांत शेतावर काम करणारे आणि पावसापासून बचावासाठी झाडाखाली थांबलेले बरेच असतात. पाऊस सुरू होण्यापूर्वीच सावध झाल्यास ही हानी टाळता येते.

उंच ढगात वर चढणाऱ्या हवेच्या झोतामुळे बर्फाचे बारीक कण व मऊ गारा एकमेकांवर आदळतात. त्यातून विद्युतभार तयार होतो. हा झोत जितका जोरदार, तितक्या विजा जास्त. पहिल्या विजा बहुधा ढगातल्या ढगातच चमकतात. जमिनीवर वीज पडणे काही मिनिटांनी सुरू होते. ढगातील विजांची संख्या एकाएकी वाढली, तर वादळ जोर धरीत आहे आणि गारपीट किंवा सोसाट्याचा वारा येण्याचा संभव आहे, असे समजावे.

वीज चमकली की रेडिओत खरखर होते, कारण विजेतून रेडिओ लहरी निघतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशात ठिकठिकाणी या लहरी टिपणारी यंत्रे बसविली आहेत. एकच लहर निरनिराळ्या केंद्रांवर किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचते. या फरकावरून वीज कोठे चमकली हे काढतात. लागोपाठच्या नोंदींवरून वादळ कोणत्या दिशेने सरकत आहे, हेही कळते. या संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अॅप आपल्या ठिकाणापासून २० व ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते. मात्र वीज नेमकी कोणत्या बांधावर पडेल, हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून सूचना मिळताच पुढीलप्रमाणे वागावे.

१. काम थांबवून पक्क्या घरात जावे. उघड्या शेडचा किंवा झाडाचा आसरा घेऊ नये.

२. जनावरे झाडाला किंवा तारेच्या कुंपणाजवळ बांधू नयेत.

३. विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नये.

४. काढलेला कांदा, कडबा झाकण्याचे काम ढग दूर असतानाच उरकावे. गडगडाट ऐकू आल्यावर ताडपत्रीसाठी धावू नये.

५. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला निःशंकपणे हात लावावा. श्वास बंद असल्यास छातीवर दाब देण्याचा प्रथमोपचार ताबडतोब सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

भिजलेला माल पुन्हा पिकविता येतो. गेलेला जीव परत येत नाही, हे ध्यानात ठेवावे.