टाचा, खांदे आणि मूलपेशी



सकाळपासून गप्पांत मुलांच्या मार्कांपेक्षा आपल्या टाचा आणि खांदेच जास्त आले! मी इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. पण टाचेमागची शीर दुखावली तेव्हा मलाही मूलपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे इंजेक्शन सुचवले गेले. म्हणून वाचले, तेवढेच सांगते.

स्नायू हाडाला बांधणारी दोरी म्हणजे कंडरा. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती सावकाश भरते आणि नवे धागे मूळच्याइतके मजबूत नसतात. मूलपेशींमुळे मजबूत धागे येतील, ही आशा. शर्यतीच्या घोड्यांवर हा उपचार झाला आहे; माणसांसाठी पुरेसा पुरावा अजून नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूलपेशींचा नेहमीचा उपचार रक्ताच्या काही आजारांपुरताच मान्य केला. बाकी सारे तेव्हा चाचणीतच होते.

मला हळूहळू भार वाढवत केलेल्या व्यायामाने बरे वाटले. चार महिने लागले. सचिनच्या कोपराची 2005 मध्ये शस्त्रक्रिया झाली. ग्वाल्हेरचे द्विशतक 2010 चे. धीर धरावा लागतो.

मूल, सिंदेवाहीकडे रोवणी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे खांदे याच दोरीवर चालतात. त्यांना कोणी महागडे इंजेक्शन सुचवले, तर आधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक विचारा. क्रमांक नसेल आणि पैसे मागत असतील, तर उठून या. त्यासाठी धानाची बांधी विकू देऊ नका.

पुढच्या मेळाव्याला सगळे धडधाकट पायांनी या.