गेला तो बाण गेला

अमरावती-अकोल्याला पोरींची तिरंदाजी असली, की गटातल्या आम्ही बायाही सोबत जातो. बाण चुकला की पोरगी आधी आपल्या तोंडाकडे पाहते. आपला चेहरा पडला, की तिचा हात पुढच्या बाणालाही कापतो.

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती १७ वर्षांची होती. अंतिम सामन्यात बाण १५, प्रत्येकाला जास्तीत जास्त १० गुण. तिला १५० पैकी १४९ मिळाले. म्हणजे एक बाण तिचाही नवावर गेलाच!

म्हणून आम्ही आता मैदानावर ‘किती झाले?’ विचारत नाही. ‘श्वास घे बाई, आता फक्त हाच बाण,’ एवढंच म्हणतो. हिशेब घरी, भाकर खाताना.