रुळाच्या कडेचे सासर
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा भाषण म्हणून नव्हे, घरची हकीकत म्हणून ऐकावे.

माझे माहेर बीडच्या पलीकडे, राजुरीजवळ. 1998 साली लग्न होऊन मी परळीच्या रेल्वे क्वार्टरात आले. आमच्या घरचे रुळाच्या गँगवर. निजामाच्या राज्यात विकाराबादेहून बिदर, उदगीर करीत रूळ परळीस आले. पुढची वाट गंगाखेडवरून परभणीस जाते. म्हणून परळी बीड जिल्ह्यात असली तरी क्वार्टरात तेलुगू बोलणाऱ्या शेजारणी भेटल्या. एकीने मला चिंचेचे सार शिकविले, मी तिला बाजरीची भाकरी थापायला शिकविली. तिची भाकरी अजून फाटते, तो भाग निराळा!

थंडीत लोखंड आकसते, रुळाला चीर पडण्याची भीती असते. म्हणून माणसे रात्री बॅटरी घेऊन मैलोगणती पायी गस्त घालतात. पहाटे कडी वाजेपर्यंत आम्हा बायकांचा डोळा लागत नाही. ज्या घरचा माणूस गस्तीवर, तिथे शेजारीण सोबतीस निजायला जाते. 2013 साली पाण्याअभावी इथले वीज केंद्र बंद पडले आणि कोळशाच्या गाड्या थांबल्या, तेव्हा त्या शांततेने लेकरे दचकून उठत.

गाडीच्या आवाजात राहिले, पण माहेरी मात्र एस.टी.नेच गेले. नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला. माझे लग्न ठरले तेव्हा आई म्हणाली होती, "चार वर्षांत रूळ येतील, मग मी गाडीत बसून तुझ्या दारात उतरीन." तिला एस.टी. लागत असे, घाटात जीव जाई. म्हणून दोन्ही बाळंतपणांना ती आली नाही. त्या रात्री शेजारणींनी काढल्या. मी पुष्कळ दिवस आईवर रुसून होते. आता वाटते, उगाच रुसले.

23 सप्टेंबर 2022 रोजी नगरची गाडी आष्टीस आली. आईने फोनवर विचारले, "आष्टीपासून परळी किती?" मी म्हटले, "मध्ये अजून बीड आहे, बाई." 2023 च्या दिवाळीनंतर आई गेली.

17 सप्टेंबर 2025 रोजी, मुक्तिदिनी, गाडी बीडला पोचली. परळीकडचा तुकडा तेव्हा राहिलेलाच होता. रेल्वेनेच माहेरी जायचे तर परभणी, मनमाड, नगर असा सारा वळसा! पुढल्या महिन्यात मी एस.टी.ने बीडला गेले, तिकीट काढले आणि मुद्दाम गाडीने राजुरीस उतरले. थोडक्यातच प्रवास संपला. भावजय न्यायला आली होती. म्हणाली, "अक्का, एवढ्याशा वाटेला गाडी कशापायी?" मी पिशवी तिच्या हाती दिली. पिशवीत आईसाठी म्हणून घेऊन ठेवलेले, न नेसलेले लुगडे होते. ते भावजयीलाच दिले.